संघ हरतोय, दोष कुणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या हंगामात तुमचा फुटबॉल क्लब लीगमध्ये चौथा आला. यंदा १४ सामन्यांत ३ विजय, ४ बरोबरी आणि ७ पराभव, म्हणजे १३ गुण. गोल केले १३, खाल्ले २४, त्यातले ९ कॉर्नर आणि फ्री किकवर. प्रशिक्षक तोच, त्याचं हे तिसरं वर्ष. हंगामाआधी बचावफळीच्या पुढ्यात खेळणारा मिडफिल्डर विकला आणि त्या पैशातून विंगर, म्हणजे कडेनं हल्ला करणारा खेळाडू, घेतला. चौथ्या क्रमांकामुळे यंदा आठवड्याच्या मध्यात खंडीय स्पर्धेचे सामनेही आहेत. चाहत्यांत तीन तट पडलेत. एक म्हणतो कोचला हटवा, दुसरा म्हणतो खेळाडू पाट्या टाकतात, तिसरा मालकाच्या नावानं बोटं मोडतो. यात खरं कोण?

मी १९ वर्षं सहायक प्रशिक्षक आणि व्हिडिओ विश्लेषक म्हणून वेगवेगळ्या क्लबांत काम केलंय. तालिकेच्या तळाला असलेल्या ड्रेसिंग रूममध्ये बसलोय, वरच्या टोकालाही बसलोय. तिन्ही तटांचा राग मला कळतो, कारण प्रत्येकाला काहीतरी खरं दिसलेलं असतं. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. संघाला इथवर कुणी आणलं, हा एक. आणि आता कुणाच्या हातात असं काय आहे की ज्यानं फरक पडेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेकदा एक-दोन ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे ठरावीक काळ, मागे सापडतं. दुसऱ्याचं या आठवड्याच्या सरावात. कोचला हटवा म्हणणारे बरेचदा पहिल्या प्रश्नाची शिक्षा दुसऱ्या प्रश्नातल्या माणसाला देत असतात.

दोषाकडे जाण्याआधी एक तपासून घ्या: खेळ बिघडलाय की फक्त निकाल? २०१४-१५ मध्ये प्रशिक्षक युर्गेन क्लॉपचा जर्मन क्लब बोरुसिया डॉर्टमुंड हिवाळी सुट्टीला १७ सामन्यांत १५ गुण घेऊन १८ संघांच्या लीगमध्ये १७ वा होता. मुख्य गोल करणारा रॉबर्ट लेवांडोव्स्की त्याच उन्हाळ्यात बायर्न म्युनिकला गेला होता, दुखापती होत्या, बचावात ढोबळ चुका होत होत्या, हे सगळं खरं. पण किती संधी निर्माण केल्या आणि किती दिल्या, या हिशेबात तो संघ तळाचा नव्हताच. फटके जात होते, गोल होत नव्हते, आणि समोरच्याला मिळालेली जवळजवळ प्रत्येक संधी जाळ्यात जात होती. क्लबनं क्लॉपला मध्येच काढलं नाही. हंगाम संपला तेव्हा डॉर्टमुंड सातवा होता.

हे तपासायचं साधन आता सगळ्यांकडे आहे. एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल. त्या जागेवरून, त्या स्थितीत मारलेल्या फटक्याचा गोल होण्याची शक्यता किती, तेवढं मूल्य त्या फटक्याला द्यायचं. पेनल्टीचं मूल्य साधारण ०.७६ ते ०.७९. गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सच्या बऱ्याच बाहेरून मारलेल्या फटक्याचं बहुतेकदा ०.०५ किंवा त्याहून कमी. चौदा सामन्यांची बेरीज करा. दिलेल्या संधींची बेरीज १७-१८ आणि खाल्लेले गोल २४ असतील, तर गोलकीपरचा फॉर्म आणि नशीब यांचा वाटा मोठा आहे आणि तो पुढे आपोआप कमी होण्याची शक्यताही आहे. बेरीजच २३-२४ येत असेल, तर संघ खरोखरच तेवढा उघडा पडतोय. तुमच्या बाबतीत बेरीज काय निघते यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. मी इथून पुढे धरून चालतोय की संघ खरोखर उघडा पडतोय. ज्या खेळाडूला विकलंय त्याची जागा पाहता मला तसंच वाटतं.

आता गोल बघायची पद्धत. प्रेक्षक गोल पाहतो तेव्हा शेवटचा स्पर्श पाहतो. कुणाच्या पायाखालून चेंडू गेला, कोण उडी मारायला चुकला. आमच्या कामात पहिला नियम हा, की गोलापासून १५ सेकंद मागे जायचं आणि तिथून क्लिप सुरू करायची. एका क्लबात आमचा डावा सेंटर बॅक, म्हणजे मधल्या दोन बचावपटूंपैकी एक, प्रेक्षकांच्या रोषाचा धनी झाला होता. घरच्या मैदानावर त्याच्या पायात चेंडू गेला की शिट्ट्या सुरू व्हायच्या. ज्या आठ गोलांसाठी लोक त्याला दोष देत होते, त्या आठही क्लिप मी कापल्या. सहा क्लिपमध्ये गोष्ट एकच होती. मधल्या भागात आपल्याकडून चेंडू गेला, त्या क्षणी दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, पुढे गेलेले, आणि हा पोरगा दोन आक्रमकांसमोर जवळजवळ एकटा. पाठीमागे चाळीस मीटर मोकळं गवत. पुढे धावला तर मागे चेंडू पडणार, मागे सरकला तर फटका मारायला जागा मिळणार. त्यानं प्रत्येक वेळी काहीतरी एक निवडलं आणि प्रत्येक वेळी तेच चुकीचं ठरलं.

मुख्य प्रशिक्षकांनी त्या सहाच्या सहा क्लिप तीनदा पाहिल्या. रिमोट त्यांच्याच हातात होता. तिसऱ्या वेळी त्यांनी चेंडू गेला त्या फ्रेमवर थांबवलं आणि मधल्या फळीतल्या एका खेळाडूवर बोट ठेवलं. जिथे असायला हवा तिथून तो चार मीटर मागे होता. का मागे? फिजिओला विचारलं. घोटा दुखत होता, पट्टी बांधून खेळत होता, वळायला वेळ लागत होता. मग त्याला विश्रांती का नाही? त्याच्या जागी खेळणारं दुसरं कुणी नव्हतं. ते का नव्हतं? कारण मागच्या विंडोत त्या जागेसाठी ठेवलेले पैसे दुसरीकडे खर्च झाले होते.

म्हणजे शिट्ट्या एकाला, आणि साखळीत माणसं पाच. मला त्या पोराचं आजही वाईट वाटतं. पण या साखळीतलं त्या आठवड्यात आमच्या हातात एकच होतं. आम्ही ठरवलं, चेंडू आपल्याकडे असताना एकच फुलबॅक वर जाईल, दुसरा मधल्या फळीच्या ओळीत थांबेल. हल्ला थोडा बोथट झाला, पण तशा पद्धतीचे गोल जवळजवळ थांबले. दोष कुणाचा याचं उत्तर लांब होतं. काय बदलायचं याचं उत्तर एका ओळीचं होतं.

तुमच्या संघाशी अगदी मिळतंजुळतं उदाहरण इंग्लंडच्या लेस्टर सिटीचं आहे. २०१५-१६ मध्ये क्लॉडिओ रानिएरींच्या संघानं ८१ गुणांसह प्रीमियर लीग जिंकली, ३८ सामन्यांत फक्त ३६ गोल खाल्ले. त्या हंगामात त्यांना युरोपियन स्पर्धा नव्हती, त्यामुळे आठवड्यात बहुतेकदा एकच सामना. मग बचावफळीच्या पुढ्यात खेळणारा एन्गोलो कांते चेल्सीला गेला आणि युरोपची चॅम्पियन्स लीग आली. पुढच्या हंगामात त्यांनी ६३ गोल खाल्ले. सेंटर बॅक तेच होते, वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ. गोलकीपर तोच, कॅस्पर श्मायकेल. आदल्या वर्षी हेच दोघे सेंटर बॅक बॉक्समध्ये उभे राहून आलेला चेंडू बाहेर फेकायचे आणि लोक त्यांना भिंत म्हणायचे. कांते गेल्यावर त्यांच्या पुढ्यातली जागा उघडी पडली आणि त्यांना धावत्या खेळाडूंना तोंड द्यावं लागलं. तीच माणसं अचानक संथ दिसायला लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये, विजेतेपदानंतर नऊ महिन्यांत, रानिएरींना काढलं. तेव्हा संघ सतरावा होता, पदावनतीच्या, म्हणजे खालच्या विभागात जाण्याच्या, रेषेच्या फक्त एक गुण वर.

बचावफळीच्या पुढ्यातला मिडफिल्डर गेला की काय जातं, हे आकड्यांत पटकन दिसत नाही. तो गोल करत नाही, गोलचे पासही फारसे देत नाही. त्याचं काम म्हणजे चेंडू गेल्यावरच्या पहिल्या तीन-चार सेकंदांत समोरच्याला पुढे बघू न देणं. तो असला की सेंटर बॅकना दोन पावलं वर यायला वेळ मिळतो, फुलबॅकना परतायला वेळ मिळतो. म्हणून अशा खेळाडूची विक्री कागदावर स्वस्तात पडते आणि मैदानावर महागात. तुमच्या क्लबनं त्या पैशातून विंगर घेतला. विंगर चांगला असेलही, पण त्यानं पुढे आणखी एक माणूस वाढवला आणि मागचा एक कमी झाला.

हा निर्णय कुणाचा, ते मात्र क्लबनुसार बदलतं. काही ठिकाणी खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा स्पोर्टिंग डायरेक्टर ठरवतो आणि कोचला यादी मिळते. काही ठिकाणी कोचच्या होकाराशिवाय पान हलत नाही. कधी खेळाडूच्या करारात ठरावीक रकमेला सोडण्याचं कलम असतं आणि क्लबच्या हातात काही उरत नाही. विंगर हवा असं तुमच्या कोचनंच मागितलं असेल, तर त्या घडणीत तोही वाटेकरी आहे. त्यानं मिडफिल्डर मागितला आणि विंगर मिळाला असेल, तर त्याच्या नावानं खडे फोडणं अन्याय आहे. विंडोच्या काळातल्या त्याच्या पत्रकार परिषदा परत ऐका. कोच उघड तक्रार करत नाहीत, पण 'त्या जागेवर आम्हाला अजून एक लागेल' असं वाक्य दोन-तीनदा आलेलं असतंच.

आठवड्याच्या मधल्या सामन्यांबद्दल चाहते फक्त दमण्याचा विचार करतात. दमणूक आहेच, आणि स्नायूंच्या दुखापतींत हॅमस्ट्रिंग सगळ्यात जास्त जातात ते अशाच वेळापत्रकात. पण त्याहून मोठं नुकसान सरावाचं होतं. शनिवार ते शनिवार असा आठवडा असेल तर दोन, कधी तीन कसून सराव मिळतात. प्रेसिंगमध्ये, म्हणजे समोरच्यावर दबाव टाकून चेंडू हिसकावताना, कुणी कुणापासून किती अंतर ठेवायचं, चेंडू गेल्यावर कुणी आधी धावायचं, हे पायांना शिकवावं लागतं आणि ते तिथेच शिकवता येतं. बुधवारी सामना आला की रविवारी खेळलेल्यांची विश्रांती, सोमवारी हलका व्यायाम, मंगळवारी चालत-चालत कॉर्नरची उजळणी. बुधवारी सामना. गुरुवारी पुन्हा विश्रांती, शुक्रवारी पुन्हा चालत. शनिवारी सामना. अख्ख्या आठवड्यात जोरात धावून शिकवायला एक दिवस नाही. जे बोलायचं ते व्हिडिओसमोर बसून. नवा खेळाडू अशा हंगामात आला तर संघाची सवय त्याच्या अंगात भिनायला महिने लागतात. तुमचा विंगर परत धावत येत नाही असं लोक म्हणत असतील, तर आधी हे बघा की त्याला ते शिकवायला वेळ कधी मिळाला.

इथपर्यंतचं जरा एकत्र करतो. २४ पैकी खुल्या खेळातले १५ गोल माझ्या मते मुख्यतः विक्री आणि वेळापत्रक यांचे आहेत. त्याचा उगम या १४ सामन्यांच्या आधीचा आहे. उरलेल्या ९ गोलांबद्दल मात्र मी कोच आणि त्याच्या सहायकांना सोडणार नाही.

लीगमध्ये साधारण चतुर्थांश ते एकतृतीयांश गोल सेट पीसवर, म्हणजे कॉर्नर किंवा फ्री किकसारख्या थांबलेल्या चेंडूवर, होतात, आणि त्यात पेनल्टीही धरलेल्या असतात. तुम्ही पेनल्टी न धरताच २४ पैकी ९ सांगताय, हे जास्त आहे. कॉर्नर तसा फार धोकादायक नसतो, शंभरात तीन-चारच गोल होतात. पण हा खेळाचा असा भाग आहे जिथे चेंडू थांबलेला असतो, प्रत्येकाची जागा आधी ठरवता येते आणि सराव चालत-चालतही करता येतो. दमलेल्या संघालाही तो बसवता येतो. म्हणून इथे सबब चालत नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून बोलतोय. एका क्लबात सेट पीसचा बचाव माझ्याकडे होता. जवळच्या, म्हणजे कॉर्नर मारणाऱ्याच्या बाजूच्या, गोलखांबाशी उभा राहणारा आमचा खेळाडू हंगामाच्या मध्यात विकला गेला. मी त्याच्या जागी त्याच्याहून उंच माणूस उभा केला आणि निश्चिंत झालो. उंची होती, पण चेंडू सुटल्याबरोबर पहिलं पाऊल टाकायची त्याची गती नव्हती. समोरचे संघ दोन आठवड्यांत ते हेरतात. पाच सामन्यांत चार गोल त्याच जागेवरून गेले. लोकांनी गोलकीपरला धरलं, तो बाहेर येत नाही म्हणून. प्रत्यक्षात जवळच्या खांबाशी चेंडूला पहिला स्पर्श आपला व्हायला हवा होता, आणि तिथे कोण असावं हे मी ठरवलं होतं. मी गोलकीपरला सगळ्यांसमोर सांगितलं की हे गोल माझे आहेत. जागा बदलल्या, कमी उंचीचा पण चपळ फुलबॅक तिथे आणला, आणि ते थांबलं. तुमच्या नऊ गोलांत एकाच जागेवरून किती गेलेत ते मोजा. तीन-चार एकाच जागेवरून असतील आणि ते महिनाभराहून जास्त काळ चालू असेल, तर दोष सरळ प्रशिक्षकांच्या खोलीचा आहे.

आता पाट्या टाकण्याबद्दल. ही शंका मी सगळ्यात जपून घेतो. खेळाडूंच्या अंगात जीपीएसची बनियन असते, कोण किती आणि किती वेगानं धावला ते संध्याकाळपर्यंत समोर येतं. हरणाऱ्या संघांचे हे आकडे मी वर्षानुवर्षं पाहिलेत, आणि अंतर कमी झालेलं क्वचितच दिसलंय. उलट चुकीच्या जागी असलेला संघ जास्त धावतो, फक्त उशिरा धावतो. उशिरा पोचणारा माणूस गॅलरीतून आळशी दिसतो.

आत्मविश्वास गेला की होतं ते वेगळं, आणि ते ओळखता येतं. खेळाडू लपायला लागतात. चेंडूवाल्या सहकाऱ्याला पास देता येईल अशा मोकळ्या कोनात यायचं, तर तो दोन पावलं अलीकडे, प्रतिस्पर्ध्याच्या सावलीत थांबतो. हात वर करून चेंडू मागतोसुद्धा, पण अशा जागेवरून की तो मिळणार नाही. चेंडू मिळाला नाही तर चूकही होणार नाही. बिचारा सेंटर बॅक मग लांब फटका मारतो आणि शिट्ट्या खातो. हे नैतिक अधःपतन नाही, भीती आहे. घरच्या मैदानावरच्या शिट्ट्यांनी ती वाढते. तुमच्यापैकी जे पहिल्या चुकीला ओरडायला लागतात, त्यांनी हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं. सत्तराव्या मिनिटानंतर रागवा, अंतिम शिट्टीनंतर रागवा, पण दहाव्या मिनिटाला एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पहिल्या चुकलेल्या पासवर नको.

मालकांबद्दल थोडक्यात, कारण त्यांचा दोष बहुतेकदा फॉर्मपेक्षा मोठ्या पट्ट्यावर चालतो. इंग्लंडचा लीड्स युनायटेड २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. पुढेही तिथे पोचूच असं धरून कर्ज काढलेलं होतं. पोचता आलं नाही, एकेक खेळाडू विकावा लागला आणि २००४ मध्ये संघ खालच्या विभागात गेला. चौदा सामन्यांत मालकाची चूक दिसत नाही. दोन-तीन वर्षांत मात्र तीच सगळ्यात मोठी ठरते. तुमच्या मालकानं एक चुकीची खरेदी होऊ दिली असेल तर ती चूक आहे. दर वर्षी आधी विकायचं आणि मग बघायचं असंच चालू असेल, तर कोच कुणीही आणा.

मग कोचला हटवून काही होतं का? नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ मधल्या डच लीगचा अभ्यास केला होता. कोच बदललेले संघ सावरले, पण तितकाच वाईट काळ आलेले आणि कोच न बदललेले संघही जवळजवळ तसेच सावरले होते. सलग हरणारा संघ काही दिवसांनी थोडा सावरतोच, आणि नेमका तेव्हाच नवा माणूस आलेला असतो म्हणून श्रेय त्याला जातं. लेस्टरमध्ये रानिएरींनंतर आलेल्या क्रेग शेक्सपिअर यांनी लीगमधले पहिले पाच सामने जिंकले, संघ बारावा आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनाही काढलं.

तरी कोचमुळे फरक पडतच नाही असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून ३-० हरल्यावर अँटोनियो कोंते यांनी चेल्सीला तीन सेंटर बॅकच्या रचनेत खेळवलं. त्यानंतर सलग १३ लीग सामने जिंकले आणि लीगही जिंकली. त्या वर्षी चेल्सीलाही युरोपियन सामने नव्हते, रचना घोटायला पूर्ण आठवडे मिळत होते, हे विसरू नका. पण दिसलेल्या दोषावर कोंतेंनी उपाय केला, तोही हंगाम चालू असताना. मी कोचला याच कसोटीवर घासून बघतो. तीन महिने तोच गोल खाल्ला जातोय आणि बदलतंय फक्त पत्रकार परिषदेतलं कारण, तर त्याची वेळ भरलीय. हरतोय, पण गोल खाण्याची पद्धत बदलतेय, एक भोक बुजलं आणि दुसरं उघडलं, तर तो काम करतोय आणि त्याला माणसं कमी पडताहेत.

माझा कौल विचाराल तर आज मी तुमच्या कोचला काढणार नाही. सेट पीससाठी त्याला जाब विचारेन, आणि पुढच्या विंडोत मिडफिल्डर आणण्याची जबाबदारी नाव घेऊन एका माणसावर टाकेन. हे मत तुमच्या आकड्यांवरचं आहे. तुम्ही संघ डोळ्यांनी बघता, म्हणून पुढच्या सामन्यात एक करा. चेंडू बघू नका. विकलेला मिडफिल्डर जिथे उभा राहायचा, मधल्या वर्तुळाच्या जरा मागचा तो पट्टा, तिथे नजर ठेवा. आपल्याकडून चेंडू गेला की पाच आकडे मोजा. त्या पाच सेकंदांत तिथे आपला कुणी पोचतो का, पोचतो तो कोण, आणि कुठून पळत येतो, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवा. पूर्वार्धात एकच खेळाडू सारखा उशिरा येत असेल आणि उत्तरार्धात कोचनं त्याची जागा हलवली असेल, तर मला तसं कळवा. ती जागा नव्वद मिनिटं रिकामीच राहिली आणि राखीव बाकावरून कुणी उठलंही नाही, तर मी माझा कौल बदलेन.